वऱ्हाडी बाप

काचेच्या दारापाशी त्या मुलीने हात आडवा धरला. "कार्ड?"

"कार्ड काऊन लागते बाई? माहा पोट्टा आत हाय. काऊन उभं ठेवतं बापाले?"

हे माझं काम होतं. मी नाटकवाला. शाळा चौथीपर्यंत, पण ठकाची भूमिका पुण्यात माझ्यासारखी कोणी करत नव्हतं. ठक कधी मागत नाही. समोरच्याला आपणहून द्यावंसं वाटेल, असा उभा राहतो. नाटकवाल्यांनी बोलवणं बंद केलं, तेव्हा नगर रोडवरच्या या कॉम्प्युटर कंपनीने बोलावलं. सिक्युरिटी टेस्ट. म्हणजे कार्डाशिवाय कोणी आत घुसतं का ते बघायचं.

मॅनेजर तिशीतला. म्हणाला, "काका, तुम्ही आत आलात तर गेटवरच्यावर कारवाई." कारवाई म्हणजे नोकरी जाणार, एवढं मला कळतं. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा.

मुलगी गार्डच्या टोपीखालून माझ्याकडे बघत होती. वर्षा नाव, यवतमाळकडची.

"काका, तुम्ही तिकडले नाही. काऊन म्हंजे का. तुम्ही तं मिठावानी टाकता."

"या वऱ्हाडीला टाळ्या पडल्यात," माझ्यातला नट बोलून गेला.

"पुण्यात पडल्या असतीन."

असं म्हणून तिने स्वतःचं कार्ड लावून दार उघडलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. "बोला आजून. चुकलं तं चुकू द्या. रूमवरच्या पोरी हिंदी बोलतेत. इथं आल्यापासून असं कोनी बोललंच नाही माह्यासंग."

टेस्ट तिथेच संपली होती. मी उठून फोन करायला हवा होता. बसून राहिलो. मी मुद्दाम चुकायचो, ती सुधारायची. मध्येच बहिणीचं लग्न, घरची म्हैस. माझ्या घरीही रेडिओच काय तो बोलतो.

लिफ्टमधून मॅनेजर आला. "सुपर्ब, काका. वर्षा, ही टेस्ट होती."

ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "साहेब, ती फसली नाही. माझं बोलणं तिने तिथल्या तिथे ओळखलं. पडली माझी ॲक्टिंग." असं मी उभ्या जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं.

"ओळखलं? मग आत का घेतलं?"

"ऊन होतं सर," वर्षा म्हणाली. दुसरं काय सांगणार?

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो काका, फसली असती तर ट्रेनिंग देऊन परत उभी केली असती. हे तर मुद्दाम झालं. एजन्सीला सांगून काढावं लागेल."

"कारवाई म्हणालात तुम्ही."

"ट्रेनिंग हीच कारवाई."

"मग ती फसली असंच धरा."

"आता कसं धरू? तुम्हीच सांगितलंत ना?"

मी पुष्कळ भांडलो. तो घड्याळ बघत होता.

संध्याकाळी बसस्टॉपवर ती बॅग घेऊन आली. मी सरकून जागा दिली. ती बसली नाही. बस आल्यावर म्हणाली, "येते मी, काका." अगदी शुद्ध मराठीत.

नटाला संवाद लिहून देतात, ते उगाच नाही.