मंत्र्याची बहीण आणि सोडतीतलं घर

माझ्या सासूबाई पडदे शिवतात. दुकानदार ऑर्डर घेतो, या टेप घेऊन लोकांच्या नव्या घरी जातात, खिडक्यांची मापं घेतात आणि आल्या की मला सांगतात, "काय गं उजेड होता त्या घरात!" माझं डोकं फिरायचं. लोकांच्या उजेडाचं आपल्याला काय कौतुक? आमच्या खोलीला एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडते. खोलीच्या मधोमध पडदा. पलीकडे आम्ही नवराबायको आणि लेक, अलीकडे त्या आणि त्यांचं शिलाई मशीन. लेकीला अभ्यास करायचा असला की ती जिन्यात जाऊन बसते.

आणि सासूबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा, देशाचे गृहनिर्माणमंत्री. हसू नका, अख्ख्या मजल्याचं हसून झालंय.

मामा मंत्री झाले तेव्हा आमच्या दारात रीघ लागली. कुणाला घर हवं, कुणाला घर पाडायची नोटीस आलेली. सासूबाई हात जोडायच्या. "बाबांनो, मी त्याला काही सांगत नाही आणि तो माझं काही ऐकत नाही." लोकांना पटायचं नाही. मामा मात्र भाषणात छाती फुगवून सांगायचे, माझी बहीण आजही भाड्याच्या खोलीत राहते, आपल्या माणसांसाठी मी एक वीटसुद्धा हलवलेली नाही. टाळ्या पडायच्या. म्हणजे अडचण आमची आणि टाळ्या यांना! मी चडफडायचे. सासूबाई म्हणायच्या, "बरोबरच आहे त्याचं. त्याच्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात."

सरकारी घरांची सोडत निघते, तिच्यात त्या वर्षानुवर्षं अर्ज भरत आल्या होत्या. मामा राजकारणात नव्हते, तेव्हापासून. दर वेळी नंबर हुकायचा आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "जाऊ दे, कुणाचं तरी भलं झालं."

यंदा लागला. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, संडास घरात. मी मटकन खाली बसले आणि रडले. सासूबाई मशीनवरचा कपडा तसाच टाकून घर बघायला गेल्या. कुलूप होतं, बाहेरूनच बघून आल्या. आल्यावर चेहरा असा उजळलेला, की नव्या नवरीचाही नसेल.

पण आनंद टिकतो किती? दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले तर बायका बोलता बोलता गप्प. समोरच्या वेल्डरची बायको बादली उचलत म्हणाली, "चला, शेवटी भाऊ पावला म्हणायचा." तिनंही अर्ज भरला होता. मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी मला दंडाला धरून घरात ओढलं.

"आई, तुम्ही काय चोरी केलीय?"

"नाही गं. पण सांगणार कुणाकुणाला?"

तेव्हापासून त्या मागच्या गल्लीनं दुकानात जायला लागल्या. वेल्डरच्या बायकोचा आवाज आला की दार लोटून घ्यायच्या. बाईला हक्काचं घर मिळालं आणि बाई तोंड लपवून फिरतेय! मला तर त्यांचाच राग यायला लागला.

मग एका सकाळी मामा आले. मंत्री झाल्यापासून पहिल्यांदाच. मामा जिना चढून वर आले आणि त्यांच्याबरोबर आलेले पत्रकार खाली फाटकाशी थांबले. सासूबाईंनी भिंतीवरची ओल दिसू नये म्हणून घाईघाईनं चादर टांगली. मामा खाटेवर टेकले, चहा घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ताई, जरा जाऊन यायचं होतं."

आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्यात मिळून एक. सकाळची रांग लागलेली. माझा नवरा मामांना घेऊन गेला. मंत्री बघून सगळे भिंतीला चिकटले. "आधी तुम्ही, साहेब." वेल्डरचा म्हातारा बाप काठी टेकत पुढे उभा होता, तोही मागे सरला. आणि साहेब गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. हात कोरडे झाले तरी रुमालानं पुसतच होते.

"ताई, तू अशी राहतेस?"

"भाषणात तर तुम्हीच सांगता, मामा," मी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले.

मामांनी ते गिळलं. मग मुद्द्यावर आले. "ताई, तुझा नंबर नियमानंच लागलाय, मी तपासून घेतलंय. पण विरोधक संसदेत उभे राहणार. माझं जाऊ दे, अख्खं खातं बदनाम होईल. ज्यांना ज्यांना घर लागलं, त्या सगळ्यांवर संशय येईल. तू खाली ये आणि एवढंच सांग, की घर परत करतेस."

सासूबाईंनी मामांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मी रांगेतून आले रे, बाळ्या. कुणाला मागे सारून नाही."

मामा आत्ताच म्हाताऱ्याला मागे सारून आले होते. मामांची मान खाली गेली. मग एकदम उठले. "चुकलं माझं. घर तुझं आहे, तू घे. मी खाली जाऊन तसं सांगतो."

मला खरंच वाटलं, वाचलं घर. पण दाराशी गेल्यावर मामा थांबले. कडीवर हात ठेवून उभे राहिले आणि मागे वळून बहिणीकडे बघितलं. नुसतं बघितलं, बाकी काही नाही. लहानपणी काही फोडून आले की असेच बघत असणार. सासूबाईंनी सुस्कारा सोडला, आपल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल."

मीही मागोमाग खाली गेले. पत्रकारांभोवती आमच्या मजल्यावरचे लोकही जमले होते. एवढ्या माणसांसमोर बोलायची सासूबाईंना सवय नाही. जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "घर मी परत करतेय. मला कुणी सांगितलेलं नाही. माझं मीच ठरवलं."

एका पत्रकारानं मामांना विचारलं, "साहेब, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी मामांकडे बघत राहिले. आता तरी बोलतील. मामांनी घसा खाकरला.

"नाही," ते म्हणाले. "मलाही आत्ताच कळतंय. मला माझ्या ताईचा अभिमान वाटतो."

टाळ्या पडल्या. वेल्डरच्या बायकोनं डोळे पुसत वाजवल्या. सासूबाईंनी मात्र भावाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, कान लाल झालेले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या आणि तेही त्याच्यासाठी.

वर आल्यावर त्या खाटेच्या कडेला बसल्या. मी तोंडभर शिव्या जमवून आले होते, मामांना, नवऱ्याला, त्यांनाही. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुझ्याकडे बघायला मला तोंड नाही गं. ते घर तुझं होतं, पोरीचं होतं. मी माझ्या भावाला देऊन टाकलं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.