बाबांच्या तळव्यांची परीक्षा

माझ्या वडिलांच्या पायांना निम्म्या तालुक्याचे हात लागले आहेत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बाजारात आम्ही मासळी घ्यायला गेलो की पिशवी माझ्या हातात आणि यांचे पाय पुढे. कोणी ना कोणी वाकणारच. रिक्षावाला वाकतो, बँकेतला कॅशियर वाकतो. एकदा हेल्मेट नाही म्हणून अडवणारा पोलीसही वाकला आणि दंड न घेता गेला. अशा माणसाला डायबेटिस झाला. खरं तर डायबेटिसलाच बाबा झाले.

जन्मभर मुलांच्या बाह्या उलट्या करून चिठ्ठ्या शोधणारा हा माणूस रक्त तपासायच्या आधी तीन दिवस साधुसंत व्हायचा. भात बंद, सकाळ-संध्याकाळ नागावचा किनारा पायाखाली. रिपोर्ट छान यायचा. तो शेजाऱ्यांना दाखवून झाला की दुपारी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, तोही वाटीतून नाही, ताटलीतून. मी बोलले की म्हणायचे, "वर्षभर अभ्यास कोण करतं गं?" मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली. ती चिठ्ठी हरवली. तीनदा हरवली.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमच्या माडांच्या वाडीतल्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते, आणि पाहुण्यांसाठी केलेल्या गोडावर पहारा देते. पथ्य म्हणजे साखरेवर पहारा, एवढंच मला ठाऊक होतं. बाबा वाडीत अनवाणी फिरायचे. "स्वतःच्या मातीत चपला कसल्या घालायच्या?" म्हणायचे. मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट दारात चपलांचा पसारा होत नाही म्हणून बरंच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या लोकांसाठी शिकवणीचा वर्ग सुरू झाला. तिथली नर्स बाबांची जुनी विद्यार्थिनी, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. नववीत गणितात नापास झाली म्हणून बाबांनी तिला वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं होतं. तिने घरी येऊन सरांना बोलावलं. तिला वाटलं, सर शिकायला येतील. सरांना वाटलं, उद्घाटनाला बोलावलंय.

कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि शिस्त या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. पायांची काळजी कशी घ्यायची, हे शिकवायला तिने ठेवलेला वेळ त्यातच संपला. समोरचे बिचारे पेशंट पाय मोकळे करून घरी गेले. बाबा शाल आणि श्रीफळ घेऊन आले. स्वतःच्या वाडीत दीडशे माड, आणि हा एक नारळ त्यांनी आठवडाभर दिवाणखान्यात मांडून ठेवला. मी पोट धरून हसले.

मग गुरुपौर्णिमा आली. सकाळपासून ओटीवर ओल्या छत्र्यांचा ढीग आणि नमस्कार करणाऱ्यांची रांग. बाबा खुर्चीत, पाय जरा पुढे. डोकं खाली गेलं की आशीर्वाद, पुढचा. नर्सची पाळी आली. ती वाकली आणि तिचा हात उजव्या पायावरच राहिला.

"सर, पाय गरम लागतोय," ती म्हणाली, आणि खाली बसून तिने त्यांचा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला.

"अगं, तळवा काय बघतेस!" बाबा पाय ओढायला लागले. तिने सोडला नाही. अंगठ्याखाली काळं पडलेलं भोक होतं, भोवती पू, आणि आत माडाच्या पातीतल्या हिराचं मोडकं टोक. ज्या हिरांचे आम्ही खराटे बांधतो, तोच.

"कधी टोचलं?"

"मला काहीही टोचलेलं नाही," बाबा तोऱ्यात म्हणाले.

हीर तिने काढला नाही. तो दवाखान्यातच काढायचा, म्हणाली. पिशवीतून मासे धरायच्या तंगुसासारखा एक बारीक धागा काढला. "सर, डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा."

"हो," बाबा म्हणाले. "हो. हो." मी पाहिलं, एक डोळा किलकिला होता. तिनेही पाहिलं.

"सर, कॉपी न्हाय करायची," ती म्हणाली, आणि त्यांच्याच खांद्यावरचा पंचा तिने त्यांच्या डोळ्यांवर बांधला. रांगेतल्या लोकांनी नजर आढ्याकडे वळवली. ती धागा टेकवत होती, उचलत होती. बाबा ताठ बसून होते. बराच वेळ गेल्यावर वैतागून म्हणाले, "अगं, कर ना सुरू!"

"झालं, सर," ती म्हणाली. "दोन्ही पायांना लावून झालं."

त्याच दुपारी त्यांना अलिबागला दाखल केलं. अंगठा गेला, पाय वाचला. आणखी आठवडा गेला असता तर पायाचंही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाबांवर मनसोक्त ओरडले आणि मग बाहेरच्या बाकावर बसून रडले, कारण राग माझाच मला आला होता. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला मी त्या पायांवर वाकत होते. ताटलीतला रस मला दिसायचा, तळवा कधी दिसला नाही. बघायचा असतो हे शिकवणारी एकच बाई होती, आणि तिचा तास आमच्याच घरातल्या प्रमुख पाहुण्याने खाल्ला होता.

बाबा आता वर्गाला जातात. पहिल्या बाकावर बसतात, मध्ये बोलले की नर्स गप्प करते. हरवलेली तपासणी झाली, त्यात सपशेल नापास. तो रिपोर्ट त्यांनी स्वतः कपाटाच्या दारावर चिकटवलाय. वाडीत चपला घालतात, आणि रोज सकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात. नजर अधू, त्यामुळे निम्मं दिसत नाही, पण तसं कबूल करत नाहीत.

यंदा गुरुपौर्णिमेला रांग लागायच्या आधी मी नमस्कार केला.

"हात लावलास?" त्यांनी विचारलं.

"लावला की."

"मला कळत नाही," बाबा म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली, कोणाचाच हात कळत नाही. डोकं खाली गेलेलं दिसलं की आशीर्वाद देत होतो."

मी तशीच खाली बसून राहिले.

"वाकलीच आहेस," ते म्हणाले, "तर खालची बाजूही बघून घे."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि दाराकडच्या उजेडात वळवला.