पिवळ्याशेजारचे हिरवट ठिपके

सुमनमावशीचे माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत. आणि तिच्याबाबतीत मी जे केलं ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही.

मावशी सख्खी नव्हे, आमच्या नंदुरबारकडची. मी घरातला पहिला बी.एस्सी.; नोकरीसाठी सिल्वासात आलो तेव्हा तिने किलवणीच्या आपल्या खोलीत मला ठेवून घेतलं. ती कारखान्याच्या ज्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची, तिथेच माझ्यासाठी शब्द टाकला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या कारखान्यात रुग्णांना लावायच्या लघवीच्या नळ्या, म्हणजे कॅथेटर, बनत. वापरात नळीवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. तो मारायला प्रयोगशाळेच्या साहेबांनी पेप्टाइड मागवलं होतं—बेडकाच्या कातडीत सापडतो तसला प्रथिनाचा छोटा तुकडा. एकेकटा वाढवलेला जंतू त्याने मरे. मग दवाखान्यातल्या वापरलेल्या नळ्यांवर घातलं. थर मेला नाही. तो खरवडून काचेच्या बशीत वाढवला, तर पिवळे ठिपके, आणि त्यांना खेटून हिरवट.

आम्हाला शिकवलेलं एकच—बशीत दोन जातींचे जंतू, म्हणजे काच घाण. दोघे नळीवरच एकत्र राहत असतील, एकमेकांना वाचवत असतील, हे माझ्या मनात का आलं नाही? मनात आली ती मावशी. तिची नखं. ती काचा धुताना मी तिच्या पाठीमागे उभा राहून पाहू लागलो.

"काय रे भाऊ, चोर धरायला उभा ऱ्हायला का? उकळलंय सगळं. पाह्यजे तर चाटून दाखवू?"

मी हसलो. संध्याकाळी तिने वाढलेली भाकरी मात्र उलटून पाहिली—हो, पाहिली.

सोमवारी साहेबांना म्हणालो, काचा नीट धुतल्या जात नाहीत. त्यांनी विचारलं, कोण धुतं? मी नाव सांगितलं. त्याच आठवड्यातला शनिवार तिचा शेवटचा दिवस ठरला. ती गावी परतली, मी वर चढत गेलो. स्वतः धुतलेल्या बशांत तोच प्रयोग मी पुन्हा केला होता—हे कुठल्याच अहवालात नाही.

आज तिला पत्र टाकलं. तिला वाचता येत नाही. तिची मुलगी वाचून दाखवेल, शेजारीही ऐकतील.

"मावशी, साहेबांना तुझं नाव मी सांगितलं. तुझ्या काचा स्वच्छ होत्या. दुसरा जंतू नळीवरच होता. मी धुतलेल्या बशीतही तो उगवला. तुला शनिवारी काढलं. ती बशी मी गुरुवारी पाहिली होती."