वॉशरचा उजवा पाय

खोट नसलेली वस्तू देवाने अजून घडवलेली नाही, आणि खोट असलेली वस्तू माझ्या मावशीच्या यजमानांच्या नजरेतून कधी सुटलेली नाही. चाकणच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करून काका निवृत्त झाले, पण त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नाही. एक नग बिघडलेला निघाला की अख्खं खोकं परत धाडायचं, हा त्यांचा बाणा. संत तुकाराम नगरच्या मंडईत ते दिसले की भाजीवाली वांग्यांवर पोतं टाकते. एकदा आमच्याकडे जेवायला आले, तर खिशातला व्हर्निअर काढून भाकरीची जाडी मोजली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, कडेला पाव मिलिमीटर जास्त आहे, पण चालेल." तेव्हापासून ते आले की ती पोळ्याच करते. दिसलेला प्रत्येक दोष वहीत लिहायचा, खाली तारीख आणि सही. मावशी म्हणते, "लग्नानंतर आठवड्यात यांनी माझंही पान भरलंय. अजून दाखवत नाहीत."

कंपनीच्या गेटवर वॉशरच्या रिकाम्या खोक्यात एक पिवळट कुत्रं झोपायचं. निवृत्तीच्या दिवशी ते काकांच्या मागोमाग बसमध्ये चढलं आणि उतरेचना. त्याचं नाव वॉशर ठेवलं. घरी आल्याआल्या त्याची तपासणी झाली, नोंद झाली. पुढे काकांनी त्याचा विमा उतरवला. अर्जात प्रश्न होता, आधीपासून काही आजार आहे का? एजंट म्हणाला, "काका, 'नाही' लिहा. सगळे तेच लिहितात." काकांनी 'डावा मागचा पाय थंडीत किंचित लंगडतो' असं लिहिलं आणि वर वहीतल्या पानाची झेरॉक्स जोडली. डावा पाय विम्यात धरणार नाही असं उत्तर आलं. काकांना ते रास्तच वाटलं. दोष दाखवून माल दिला, हिशोब मिटला.

तीन वर्षांनी वॉशर जिन्यावरून घसरला आणि त्याच्या उजव्या मागच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन लवकर झालं नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी कागद पाठवले आणि पत्र आलं की, एका पायाची तक्रार आधीपासून असेल तर जोडीचा पायही आधीपासूनच बिघडलेला धरला जाईल. बारीक अक्षरात तसं कलमच होतं म्हणे! माझं डोकंच फिरलं. उद्या माझ्या डाव्या कानात दडे बसले तर उजवा कान जन्माचा बहिरा ठरवणार का हे लोक? हप्ता घेताना चार पायांच्या कुत्र्याचा घेतला होता ना? मग द्यायच्या वेळी दोनच पाय कसे उरले?

काका तर फोनवर गरजत होते, "अहो बाई, मी डावा लिहिला होता! गेलाय उजवा! ड्रॉइंग न बघता माल रिजेक्ट करता?" पलीकडची मुलगी भली होती. हळूच म्हणाली, "काका, डावा पाय कधी लंगडत नव्हता, नोंद चुकून झाली, एवढं सही करून पाठवा. मग मी बघते."

मी काकांच्या हातापाया पडलो. "द्या ना लिहून! ते कुठले हरिश्चंद्र लागून गेलेत?"

काकांनी वॉशरच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "अरे, माझ्या सहीवर चौतीस वर्षं लोकांच्या गाड्यांना ब्रेक लागलेत. ती सही खोटी करू?"

त्यांनी केली नाही. स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडली आणि वॉशरचा पाय नीट करून आणला. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वॉशरला मऊ भात भरवताना दिसली.

आता सकाळी वॉशर रस्त्याने झपझप पुढे चालतो आणि काका मागून लंगडत येतात. मधेच तो थांबतो, वळून बघतो, काका पोचले की पुढे निघतो. त्या विमा कंपनीचा मला अजून संताप येतो. त्या भरातच परवा मी वॉशरचं पान बघायला मागितलं. डावा पाय लंगडा, कान फाटका, शेपूट वाकडी, एक सुळा तुटका, आवाज घोगरा, पोटावर जुना व्रण. एका दोषावर अख्खं खोकं परत धाडणाऱ्या माणसाने सहा दोष ओळीने लिहून खाली शेरा मारला होता, 'पास'. सही काकांचीच होती.