मापाचा तारा

माझी धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत एकच पाठ: "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" गिऱ्हाईक म्हणतं, "सारखंच वाटतंय." की बदला पुन्हा भिंग. संध्याकाळी घरी येते ती पार गळून. आणि या बाईला छंद कसला, तर तारे तपासायचा!

दुर्बीण वगैरे काही नाही हो. कुठल्याशा लांबच्या दुर्बिणीने काढलेले आकाशाचे फोटो फुकट मिळतात, ते ही रोज सकाळी दुकानात जायच्या आधी लॅपटॉपवर उतरवते. सॉफ्टवेअरमध्ये आधी आपल्या ताऱ्यावर टिचकी मारायची, मग शेजारच्या, तेज न बदलणाऱ्या ताऱ्यावर. दोघांतला फरक आलेखावर ठिपका होऊन बसतो. तो दुसरा म्हणजे तराजूतलं वजन. आम्ही घरात त्याला मापाचा तारा म्हणतो. ठिपके वरखाली झाले, की आपला तारा कमीजास्त होतोय असं समजायचं.

तीन वर्षं हिने एकाच ताऱ्याचा पिच्छा पुरवला. ठिपके झकास वरखाली. "ताई, हा बदलत्या ताऱ्यांच्या कुठल्याच यादीत नाही गं. एकदा माझ्या नावावर लागला ना, की बास. दमले मी." एवढंच मागणं. आयुष्यात तिच्या नावावर दुसरं लागलंय काय? घर माझ्या नवऱ्याचं, दुकान मालकाचं.

शेवटी तिने आपली नोंद पाठवली, आणि गेल्या रविवारी नोंदी तपासणाऱ्यांचं उत्तर आलं. तिने वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"काय गं?"

"माझा तारा स्थिर आहे म्हणे. बदलतोय तो मापाचा."

माझ्या काही डोक्यात शिरेना. मग तिनेच सांगितलं. नियम दोन मापं घ्यायचा, एकाने दुसरं पडताळायचं. सुरुवातीला तिने घेतली. पुढे अंग आंबून जायचं, तेवढीच एक टिचकी वाचायची, म्हणून एकावरच भागवलं.

"अगं, मग तो मापाचा तारा तरी तुझाच शोध ना!" मी ओरडलेच.

"गेल्या महिन्यात कुणा शाळामास्तरांनी नोंदवलाय."

तीन वर्षं रोज तिने त्या ताऱ्यावर टिचकी मारली होती, आणि एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. मला असा संताप आला! तिचा, त्या मास्तरांचा, सगळ्यांचाच.

"बंद कर ते खोकं," मी म्हटलं.

"थांब जरा. मास्तरांकडे चारच महिन्यांचे आकडे आहेत. किती दिवसांनी तेज वाढतं, ते नक्की होत नाहीये त्यांना. माझे आकडे उलटे वाचले, की ते त्याच ताऱ्याचे होतात."

आणि तिने तीन वर्षांचे आकडे एकत्र करून त्या मास्तरांना पाठवूनही दिले. वर दोन ओळी: अभिनंदन. याचा उपयोग होईल.

"डोकं फिरलंय का तुझं? असं आयतं ताट वाढतात का कुणाला? यादीत नाव कुणाचं राहणार?"

"त्यांचं."

"आणि तुझं?"

"माझं नाही," ती म्हणाली, आणि पन्नाशीची बाई माझ्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली.