मॉडेलमध्ये दसरा नव्हता

भीमपुरात पक्की बातमी होती. बयनाबाईच्या छतावर जी पांढरी पेटी बसवली आहे, तीच ठरवणार गावानं कोणत्या जिल्ह्यात जायचं ते! आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे व्हायची वेळ आली होती, आणि पेटीच्या वर नाकासारखी वाकडी नळी होती. नळी निर्मलकडे वळली की गाव निर्मलात, आसिफाबादकडे वळली की आसिफाबादेत. दोघंतिघं तर पिशवीत शेंगदाणे घेऊन आले. "बाई, जराशी आदिलाबादकडंच राहू दे ना तिले. निर्मलले जायाचं म्हनजे अर्धा दिवस मोटारीतच."

बयनाबाई शेंगदाणे ठेवून घेई आणि नळीकडे बघत गंभीरपणे म्हणे, "पाहू."

सगळं खोटं, शेंगदाणे सोडून. ते हवा मोजायचं मशीन होतं. हैदराबादचे केशवराव नावाचे शास्त्रज्ञ ते बसवून गेले होते. आसपास झाड नको, चूल नको, मोठा रस्ता नको, वर मोकळं आभाळ हवं, असं छत ते जिल्हाभर शोधत होते. ते सापडलं वांगी-पालक पिकवणाऱ्या बयनाबाईचं. तिनं चूलसुद्धा मोडली आणि गॅसवर भाकरी थापायला लागली. भाकरी पहिल्यासारखी होत नाही हे ती मशीनला रोज ऐकवायची.

मशीन ओझोन मोजायचं, सोबत धुरातला कार्बन मोनॉक्साईडही. ओझोन म्हणजे काय, हे बयनाबाईनं गावाला समजावलं ते असं : "हे पाहा, लई वर आभाळात असला तं बरा, ऊन गाळून देते. खाली नाकाशी आला का छातीले जाळते, पिकाचं पानबी जाळते. अन् कोनाच्या चुलीतून निंगत नाई तो. नेरडीगोंड्याच्या हायवेवरून ट्रकांचा धूर येते, चुलींचा येते, त्यावर ऊन पडलं का शिजते!" दुपारी आकडा चढायचा, रात्री उतरायचा. तिकडे हैदराबादेत केशवरावांच्या संगणकात ऊन, वारा, धूर असं सगळं घालून भीमपूरचा ओझोन किती असायला हवा याचा हिशोब निघायचा. त्याला ते मॉडेल म्हणत. मॉडेलचा आकडा आणि छतावरचा आकडा जुळतो का, हे रोज बघायचं.

आणि रोज सकाळी फोन यायचा. "मावशी, भीमपूरची हवा काय म्हणते?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून बयनाबाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. बी कोणतं लावायचं, घर कुठं बांधायचं, सगळं ठरल्यावर कळायचं. आता हैदराबादेहून माणूस विचारायचा, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबायचा. म्हणूनच, जिल्हे आता चार होणार आणि मशीन एकच, निर्मलकडचं एक गाव ते मागतंय, ज्या गावचे आकडे भरवशाचे तिथंच ते राहील, असं केशवरावांनी सांगितलं तेव्हा बयनाबाईला जेवण गेलं नाही.

अशात आला दसरा. त्याच दिवशी नवे जिल्हे सुरू झाले, भीमपूर आदिलाबादेतच राहून मंडल, म्हणजे तालुक्यासारखं ठिकाण झालं, गावात फटाके, ढोल, सगळा कल्ला! दसऱ्याला कामाच्या वस्तू पुजायच्या असतात. लक्ष्मणरावांनी, म्हणजे बयनाबाईच्या धाकट्या दिरांनी, ट्रॅक्टर पुजला. बयनाबाईनं विळा पुजला, तराजू पुजला. मग मशीनला कसं सोडायचं? त्याच्यावर तर जीव! पेटीला कुंकू लावलं, नळीला झेंडूचा हार घातला, आपट्याचं पान ठेवलं. आणि धुपाटण्यात निखारे घालून, राळ-लोबान टाकून, नळीच्या अगदी नाकाखाली भरपूर धूप दाखवला. आकडे टणाटण उड्या मारायला लागले. बयनाबाईनं हात जोडले. "पावला!"

दुसऱ्या दिवशी फोन आला, पण हवा काय म्हणते हा प्रश्न आला नाही. "मावशी, काल तिकडं काय पेटलं? ओझोन वर, कार्बन मोनॉक्साईड वर! मॉडेल म्हणतं शक्यच नाही. मशीन बिघडलं का?"

फोन स्पीकरवर होता. ओसरीवरून लक्ष्मणराव दबक्या आवाजात म्हणाले, "वयनी, सोयाबीनचं कुटार-भुसकट जाळलं म्हना."

"कुटार जाळलं कोनीतरी," बयनाबाई म्हणाली.

"वाटलंच मला!" केशवराव खूश. "कोणत्या दिशेला?"

"उगवतीले."

"किती एकर?"

लक्ष्मणरावांनी दोन बोटं दाखवली. "दोन."

"दोन एकरात एवढं होत नाही हो."

लक्ष्मणरावांनी दोन्ही पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "वीस!"

"व्वा! टाकतो मॉडेलमध्ये. आता नकाशावर भीमपूरला लाल ठिपका येईल. दसऱ्याला शेतं पेटवणारं गाव!"

गाव काल मंडल झालं, घरोघर सोनं वाटलं, आणि नकाशात आग लावणारं म्हणून लागणार? बयनाबाई ओरडली, "थांबा, थांबा! लाल काई करू नका! कुटार नाई, काई नाई. म्या धूप दाखवला मशीनले! दसरा होता ना!"

केशवराव एवढंच म्हणाले, "उद्या येतो." फोन बंद.

"झालं," लक्ष्मणरावांनी कपाळाला हात लावला. "तुमाले खोटंबी नीट बोलता येत नाई वयनी."

दुसऱ्या दिवशी जीप आली ती मागे रिकामं खोकं घेऊनच. मी बयनाबाईच्या शेजारच्या नागोरावांची नात. खोकं बघितलं आणि तिथंच बयनाबाईशी पैज लावली, की मशीन आज जाणार. ती म्हणाली, "राह्यलं तं रविवारच्या बाजारात माह्ये वांगे तू विकायचे. माह्याच आवाजात." मी म्हटलं, कबूल!

केशवराव छतावर गेले, हार काढला, नळी तपासली आणि म्हणाले, "मावशी, आणा ते धुपाटणं. परवा केलं तसंच करा."

"पुन्हा? दसरा तं झाला."

"करा हो!"

तिनं धूप दाखवला. आकडे उडाले. "लोबानाच्या धुरातल्या काही वाफा मशीनला ओझोनसारख्याच दिसतात," केशवराव लिहिता लिहिता ओरडले. मग धुपाटणं अंगणात नेलं. आकडे हलले, पण थोडे. मग वांग्यांच्या वाफ्यांच्या पलीकडे. आकडे गपगार. केशवरावांनी लॅपटॉपवर दसऱ्याच्या धुपाची वेळ तेवढी कापून टाकली, आणि काय सांगावं! उरलेला अख्खा दिवस मॉडेलच्या रेघेवर असा बसला की ते छतावरच नाचले. "मशीन ठणठणीत आहे! मॉडेलमध्ये दसरा नव्हता एवढंच!"

"मंग टाका ना त्यात," बयनाबाई म्हणाली.

"तुम्ही खरं सांगितलं नसतं तर मी आत वीस एकर आग टाकून बसलो असतो. मशीन इथंच राहील. पण पुढच्या दसऱ्याला पूजा वांग्यांच्या पलीकडून."

"तिथून कुंकू कसं लागन त्याले?"

"कुंकू लावा. धूप नको."

रिकामं खोकं रिकामंच परत गेलं. रविवारी मी आदिलाबादच्या बाजारात टोपलं मांडून, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून सुरू झाले, "या वो माय, या! भीमपूरचे काटेरी वांगे, हात लावाल तं घरी न्याल!" गर्दी जमली. एका बाईनं मान वर न करताच वांगी निवडत विचारलं, "काऊन वो बयनाबाई, आज आवाज बारीक झाला?"

माझ्यामागे पोत्यावर बसलेल्या बयनाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.