गजग्याचं कुंपण

आक्का गेल्याचा फोन पुसेगावहून आला तेव्हा मला रडू आलं नाही, आधी तिच्या दिराचं तोंड आठवलं. तेराव्याला तो सगळ्यांच्या पुढं बसून हमसून हमसून रडला. "वहिनी नव्हती, माय व्हती माझी!" माणसं हळहळली. मी मात्र त्याच्या पोटरीवरचे जुने वण बघत होते... आता महिना उलटला तरी राग निवलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आक्का माझी थोरली चुलत बहीण. दाजी गेले तेव्हा त्यांना त्यांच्याच रानात बांधालगत अग्नी दिला आणि तिथं लहानसा ओटा बांधला. बांधापलीकडचं रान दिराचं. पुढच्याच पेरणीपासून त्यानं बांध कोरायला सुरुवात केली, दरसाल नांगराचं एखादं तास आत. मोजणी होऊन दगड रोवले, ते पुढच्या नांगरटीत गायब झाले. नांगर ओट्याला टेकला त्या दिवशी आक्कानं मला बोलावून घेतलं. मला म्हणाली, "माळावर चल. पिवळ्या फुलाचं काटेरी झुडूप हुडकायचं हाय."

मी देवबाभूळ दाखवली. "न्हाई गं, हिचे गोंडे हायेत. मला तुरा पायजे." कोरांटी दाखवली. "हिला शेरडू बी भीत न्हाई." ऊन कलल्यावर एका ओघळीच्या काठाला माझा पदर कशात तरी अडकला. ओढला तर आणखीच रुतला. आक्का वाकली, पानाच्या दांडीला खालून असलेले आकड्यासारखे उलटे काटे चाचपले, वरचा पिवळा तुरा पाहिला आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "ह्योच गजगा. मागं वढलं की जास्त धरतो." तिनं फांदीला चिंधी बांधून ठेवली आणि शेंगा वाळल्यावर पुन्हा जाऊन त्या तोडून आणल्या. आतले राखाडी गजगे म्हणजे आम्ही लहानपणी माहेरी कुरुंद्याला पंचमीला खेळायचो तेच.

बियांचं कवच फार कडक, घासल्याशिवाय लवकर रुजत नाही, म्हणून ती ओसरीत बसून ते दगडावर घासायची. दीर जाता-येता खिदळायचा, "वहिनी, ह्या वयात गजगे खेळून राहिल्या व्हय?"

"व्हय भावजी. बसता का एक डाव?"

पावसात तिनं ते बांधावर टोकले. काही सालांत कुंपण डोक्यावर गेलं. मग दीर कोयता घेऊन त्यात घुसला आणि मध्येच अडकला. पुढं जाता येईना, मागं येता येईना, पोटऱ्या सोलून निघाल्या. आक्का ओट्यावर भाकर खात बसली होती. तो ओरडत राहिला, तिनं शेवटचा घास खाल्ला, हात धुतले, मग उठली. "वढू नका, भावजी. आत शिरताना कुनी बोलावलं व्हतं?" हे मी तिला दर खेपेला पुन्हा सांगायला लावायची. खोटं कशाला बोलू, ऐकून जीव थंड व्हायचा.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर डोळे पुसत तो आक्काच्या लेकीला म्हणाला, "आता वहिनी न्हाई. ते काटे काढून टाकू, रान मोकळं व्हईल." पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी कोनाड्यातला आक्काचा डबा उचलला. उरलेले गजगे त्यात होते.

रोज संध्याकाळी इथं हिंगोलीत मी ते दगडावर घासते. रडू येतं ते तेव्हा... पोरीनं पेरणीला बोलावलंय. भावजी, तुम्ही ते कुंपण खुशाल काढा. आता डाव माझा आहे.